यतीमखान्याला देणगी देताना इमारत नव्हे, रातपाळी पाहा

रमजान आला की आमच्या कापड बाजारात पावतीबुके घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. कोणी यतीमखान्याचे, कोणी वृद्धाश्रमाचे, तर कोणी मतिमंद मुलांच्या वसतिगृहाचे. व्यापारी बंधू गल्ल्यावर बसल्या बसल्या पावती फाडून घेतात, रक्कम देतात आणि दुवा घेतात. आपल्यापैकी कित्येक जण अशा संस्थांवर विश्वस्तही आहेत. ही गोष्ट निश्चितच अभिमानाची आहे.

परंतु एक प्रश्न विचारावासा वाटतो. मालाची गाठ आली की आपण ठाण उलगडतो, पन्हा मोजतो, डाग शोधतो, वजन तपासतो आणि मगच हुंडी सोडवतो. संस्थेच्या बाबतीत मात्र इमारतीचा रंगीत फोटो आणि मुलांच्या जेवणाची पंगत पाहून आपले समाधान होते. नीयत चांगली असते, यात शंका नाही. पण ज्या घरात माणसे रात्रंदिवस राहतात त्या घरात चूक झाली, तर नुकसान रुपयांत मोजता येत नाही. तेव्हा निवासी संस्थेची पारख कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात सुरक्षा, कर्मचारी आणि कारभार या तीन अंगांनी केला आहे.

दुकान आणि संस्था यांतील फरक

दुकान रात्री नऊला बंद होते. शटर पडले, कुलूप लागले की जबाबदारी संपली. निवासी संस्थेचे तसे नाही. खरी परीक्षा सुरू होते ती तिचे दार रात्री बंद झाल्यावर. दिवसा देणगीदार येतात, सरकारी साहेब येतात, शिक्षक असतात, स्वयंपाकी असतो. रात्री दोन वाजता तेथे कोण जागे असते? एखाद्या मुलाला ताप भरला, एखादी म्हातारी न्हाणीघरात पडली, वायर जळाल्याचा वास आला, तर उठून धावणारा माणूस कोण? आमच्या मते या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की संस्थेची निम्मी पारख होते.

एरवाडीची आग

तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे प्रसिद्ध दर्गाह आहे. मानसिक आजाराच्या रुग्णांना शिफा मिळावी म्हणून दूरदूरचे लोक त्यांना तेथे घेऊन जात. नातेवाइकांना कायम राहणे शक्य नसे, म्हणून आसपास खासगी 'होम' उघडली गेली. महिन्याचे पैसे द्यावेत आणि रुग्ण सोपवून निघावे, असा तो व्यवहार होता. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका खासगी होमच्या झोपडीवजा छपराला आग लागली. आतील बहुतेक रुग्ण साखळीने बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण मरण पावले.

या घटनेने देश हादरला. काही दिवसांतच सरकारने तेथील अशी सर्व होम बंद केली आणि पाचशेहून अधिक रुग्ण आपल्या ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. त्यात मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास स्पष्ट मनाई आहे आणि अशा रुग्णांना ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी बंधनकारक आहे.

आता कोणी म्हणेल की आमच्या संस्थेत साखळी नाही. ठीक आहे. पण साखळी केवळ लोखंडाचीच असते असे नाही. खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या, रात्री बाहेरून लावलेले कुलूप, किल्ली घेऊन घरी गेलेला चौकीदार, जिन्यावर रचलेल्या गाद्या आणि धान्याची पोती हीदेखील साखळीच आहे. आपण कापडाच्या गोदामात कोणाला विडी पेटवू देत नाही, कारण ठिणगीची किंमत आपल्याला ठाऊक आहे. मग जेथे पन्नास मुले झोपतात तेथे उघडी वायर कशी चालते?

एरवाडीचा धडा असा की तेथे आगीइतकाच जीव घेतला तो बंदिस्तपणाने. माणसे सांभाळण्यास पुरेसे हात नव्हते, म्हणून त्यांना बांधून ठेवले जात होते. म्हणजे सुरक्षेचा प्रश्न शेवटी कर्मचाऱ्यांच्या प्रश्नाशी येऊन मिळतो.

स्कॉटलंडमधील नऊ मिनिटे

कोणी असेही म्हणेल की झोपडीत आग लागणारच, पक्की इमारत असती तर असे झाले नसते. यासाठी एक परदेशी उदाहरण देणे भाग आहे. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळ अडिंग्स्टन येथे रोझपार्क नावाचा वृद्धाश्रम होता. इमारत पक्की, खोल्या स्वतंत्र, धोक्याची घंटा बसवलेली. सुमारे ४० वृद्ध राहत आणि रात्री चार कर्मचारी असत. कागदावर पाहिले तर आपल्याकडील बहुतेक संस्थांपेक्षा कितीतरी चांगली व्यवस्था.

३१ जानेवारी २००४ च्या पहाटे मार्गिकेतील एका कपाटात विजेच्या बिघाडाने आग लागली. त्याच कपाटात फवाऱ्याचे डबेही ठेवलेले होते. ४ वाजून २८ मिनिटांनी घंटा वाजली. पण आग नेमकी कोठे आहे हे घंटेच्या फलकावरून कर्मचाऱ्यांना नीट कळले नाही. ते शोधत राहिले. अग्निशमन दलाला दूरध्वनी गेला तो ४ वाजून ३७ मिनिटांनी. मधल्या नऊ मिनिटांत धूर मार्गिकेत पसरला आणि झोपण्याच्या खोल्यांची दारे उघडी असल्याने आत शिरला. १४ वृद्धांचा जीव गेला.

न्यायालयीन चौकशीचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्षाचा सारांश असा की आगीच्या वेळी काय करावयाचे याची योग्य योजना आधी केलेली असती, तर यातील काही किंवा सर्व मृत्यू टळू शकले असते. घंटा होती, माणसेही होती, पण घंटा वाजल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचे याचा सराव पक्का नव्हता. यंत्र विकत मिळते, सवय विकत मिळत नाही. यंत्रमागावर नवा कारागीर बसवताना आपण त्याला आधी जुन्या कारागिराशेजारी उभा करतो. धागा तुटला की हात आपोआप कोठे गेला पाहिजे हे त्याला शिकवावे लागते. आगीचा सराव म्हणजे दुसरे काही नाही.

यातील एक मुद्दा पेढीवाल्या बंधूंनी विशेष ध्यानात घ्यावा. रोझपार्क एक भागीदारी पेढी चालवत होती. तेथील कायद्यात पेढी ही भागीदारांहून वेगळी कायदेशीर व्यक्ती मानली जाते. आगीनंतर ती पेढी विसर्जित झाली आणि विसर्जित पेढीवर खटला चालेना. तीन वेळा प्रयत्न झाले, तिन्ही फसले. शेवटी २०१३ मध्ये कायदा करून ही पळवाट बुजवावी लागली. आपल्याकडे १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार जबाबदार असतो हे आपण जाणतो. संस्थेवर नुसते नाव लावून बसणाऱ्या विश्वस्तांनीही तीच वृत्ती ठेवावी.

एका जागेला किती माणसे?

आता कर्मचाऱ्यांचा हिशेब पाहू. हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, फक्त तो मांडावा लागतो.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस काम करील तर ४८ तास भरतात. १६८ ला ४८ ने भागा. उत्तर येते साडेतीन. म्हणजे चोवीस तास एक जागा भरलेली ठेवायची असेल, तर साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, ईदची सुट्टी, गावाकडील लग्न हे सर्व धरले की चार माणसे हवीत. म्हणून एखादी संस्था 'आमच्याकडे मुलांच्या देखभालीला चार माणसे आहेत' असे सांगते तेव्हा त्याचा खरा अर्थ 'कोणत्याही क्षणी एक माणूस हजर आहे' एवढाच होतो. आणि जेथे एकच गृहपिता वर्षानुवर्षे संस्थेतच राहतो, तेथे रात्री कोणीही जागे नसते. तो बिचारा दिवसभर राबून झोपलेला असतो.

बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या केंद्रीय आदर्श नियमांत १०० मुलांच्या संस्थेसाठी कर्मचाऱ्यांचा जो नमुना सुचवला आहे, त्यात अधीक्षक, बालकल्याण अधिकारी, समुपदेशक, गृहपिता किंवा गृहमाता, परिचारिका, स्वयंपाकी, भांडारपाल या सर्वांच्या जागा वेगवेगळ्या दाखवल्या आहेत. हेतू असा की एकाच माणसावर सारा भार पडू नये. त्याच नियमांत २५ मुलांच्या शयनकक्षासाठी १००० चौरस फूट धरले आहेत. म्हणजे एका मुलाला ४० चौरस फूट. ही जागा मोजायला टेप पुरेशी आहे आणि टेप तर प्रत्येक कापडवाल्याच्या गळ्यात असते!

संख्येइतकीच पारखही महत्त्वाची आहे. मुलांमध्ये राहणारा माणूस नेमताना त्याचे पूर्वीचे काम कोठे होते, ते का सोडले, याची चौकशी झाली काय? पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली काय? मुनीम ठेवताना आपण दोन ओळखीच्या पेढ्यांत विचारतो. मुलांपाशी माणूस ठेवताना तेवढेही नाही, असे कसे चालेल?

कारभारी कोण?

बिहारमधील मुझफ्फरपूरचे बालिकागृह सरकारी अनुदानावर एक संस्था चालवत होती. कागदपत्रे होती, अधिकारी होते. बिहार सरकारने राज्यातील ११० निवासी संस्थांची सामाजिक तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाकडे सोपवली. बाहेरची माणसे आत गेली, मुलींशी बोलली, आणि २०१८ मध्ये त्यांच्या अहवालातून तेथील लैंगिक अत्याचार उघडकीस आले. खटला दिल्लीत चालला. जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले आणि संस्थाचालकाला जन्मठेप झाली. या दोषींमध्ये संस्थेतील कर्मचारी स्त्रियाही होत्या.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या संस्थेत एकच माणूस मालक, हिशेबनीस, नेमणूक करणारा आणि तक्रार ऐकणाराही असतो, त्या संस्थेत मूल तक्रार करणार कोणाकडे? 'हाजीसाहेब स्वतः सर्व पाहतात' हे वाक्य आपण कौतुकाने ऐकतो. हाजीसाहेब नेक असतील. पण त्यांच्यानंतर कोण? आणि ते आजारी पडले तर? चांगला कारभार तोच, जो एका नेक माणसाच्या गैरहजेरीतही तसाच चालतो.

इंग्लंडमध्ये अशा संस्थांची तपासणी करणारे सरकारी मंडळ प्रत्येक संस्थेला पाच प्रश्न लावते. संस्था सुरक्षित आहे काय? तिच्या सेवेचा उपयोग होतो काय? वागणूक मायेची आहे काय? राहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे ती बदलते काय? आणि तिचा कारभार नीट आहे काय? तपासणीअंती उत्तम, चांगली, सुधारणा हवी किंवा निकृष्ट असा शेरा मिळतो आणि २०१५ पासून तो दर्शनी भागी लावणे संस्थेला बंधनकारक आहे. निकृष्ट शेराही झाकता येत नाही. आपल्याकडे असा फलक नाही, पण हे पाच प्रश्न विचारण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

कागदपत्रांची बाजू

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. धर्मादाय आयुक्तांकडे किंवा वक्फ मंडळाकडे नोंदणी झाली म्हणजे सर्व झाले, असे पुष्कळ विश्वस्त समजतात. ती नोंदणी ट्रस्टची असते. यतीम, निराधार मुलांना ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी करावी लागते, मग सरकारी अनुदान असो वा नसो. तिचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करायचे असते. नोंदणीविना संस्था चालवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सर्व संस्थांची नोंदणी त्या वर्षअखेर पूर्ण करण्याचा आदेश दिला होता. कायद्याने जिल्हा तपासणी समितीही सांगितली आहे. तिने तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते आणि भेट देणाऱ्या पथकात एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा लागतो. पोक्सो कायदा, २०१२ खाली तर संस्थेतील अत्याचाराची खबर दाबणाऱ्या प्रमुखालाच कैदेची शिक्षा आहे. बदनामीच्या भीतीने 'घरातल्या घरात मिटवू' म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

कागद पूर्ण ठेवण्याचा फायदा निर्दोष माणसालाच अधिक होतो. मे २०२३ मध्ये बिहारहून पुणे व सांगलीकडील मदरशांत शिकण्यास येणारी ५९ मुले भुसावळ आणि मनमाड येथे रेल्वेतून उतरवली गेली. सोबतच्या पाच शिक्षकांवर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला आणि ते सुमारे महिनाभर तुरुंगात राहिले. मुलांना काही दिवस सरकारी देखरेखीत काढावे लागले. पुढे २०२४ मध्ये पोलिसांनीच हा गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचे सांगून तपास बंद केला. जो अन्याय झाला तो झालाच. पण लांबच्या मुलांना आणताना पालकांची लेखी संमती, मुलांची ओळखपत्रे आणि संस्थेचे प्रवेशपत्र सोबत असावे, एवढा बोध प्रत्येक संस्थेने घ्यावा.

वृद्धाश्रमांबाबत कायदा इतका तपशीलवार नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० गरीब वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारने उभारावा, असे म्हटले आहे. जेथे कायद्याचा डोळा कमी, तेथे विश्वस्तांचा डोळा अधिक उघडा हवा.

देणगी कोणत्या खात्यावर?

आता मुख्य गोष्ट. आपण देणगी देतो ती दिसणाऱ्या वस्तूंना. खोली बांधली की संगमरवरी पाटी लागते, पंखा दिला की पात्यावर नाव येते, देग चढली की सर्वांना समजते. रातपाळीच्या बाईच्या पगारावर कोणाचे नाव लागत नाही. म्हणून इमारती उंच होत जातात आणि माणसे तेवढीच राहतात. संस्थाही पगाराचा खर्च दाखवायला कचरतात, कारण देणगीदार म्हणतो, 'माझा पैसा मुलांवर खर्च व्हावा, नोकरांवर नाही.' बंधूंनो, मुलापाशी रात्री जागणारा माणूस हाच मुलावरील खर्च आहे.

हिशेबापुरते धरा की एका कर्मचाऱ्याला महिना १५ हजार द्यावे लागतात. चोवीस तासांच्या एका जागेला चार माणसे, म्हणजे महिना ६० हजार. बाजारातील ४० दुकानांनी महिना दीड हजार रुपये बांधून घेतले, तर ती जागा कायमची भरली. चाळीस दुकाने आपल्या कोणत्याही बाजारात सहज निघतील. मात्र जकातीची रक्कम पगाराला वापरता येते की नाही हा मसला आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावा. संस्थांच्या पावतीबुकात जकात आणि लिल्लाह अशी वेगळी खाती असतातच. लिल्लाह खात्यावर 'रातपाळी व देखभाल' असे स्पष्ट लिहून द्यावे आणि वर्षाअखेर त्याचा हिशेब मागावा.

देणगी देण्यापूर्वी किंवा विश्वस्तपद स्वीकारण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य पाहाव्यात :

१) ट्रस्टच्या नोंदणीखेरीज बालगृहाची नोंदणी आहे काय, आणि तिची मुदत केव्हा संपते?

२) काल रात्री कामावर कोण होते? हजेरीपुस्तक पाहावे. तोंडी उत्तर पुरेसे मानू नये.

३) बाहेर पडण्याचे दुसरे दार आहे काय, आणि त्याची किल्ली रात्री कोठे असते?

४) आगीचा सराव मागे केव्हा झाला? तो रात्रीच्या माणसांसह झाला काय? महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा ज्या इमारतींना लागू आहे, त्यांना जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते पाहावे.

५) विजेची तारजोडणी शेवटची कोणी व केव्हा तपासली?

६) १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलांना दिसेल असा लिहिला आहे काय, आणि त्यांना दूरध्वनी वापरता येतो काय?

७) संचालकांखेरीज बाहेरचा कोणी माणूस, विशेषतः एखादी सुशिक्षित स्त्री, महिन्यातून एकदा येऊन मुलांशी एकांतात बोलते काय?

८) गेल्या वर्षात किती मुले संस्था सोडून गेली, आणि का?

यांतील एकाही प्रश्नावर चांगली संस्था रागावणार नाही, उलट रजिस्टर उघडून दाखवील. रागावणाऱ्या संस्थेवर लगेच संशय घ्यावा असेही आमचे म्हणणे नाही. अनेक ठिकाणी गरिबीमुळे उणिवा राहतात, बेइमानीमुळे नाही. अशा वेळी देणगी थांबवू नये, देणगीचे खाते बदलावे. नव्या मजल्याचे पैसे यंदा रातपाळीला द्यावेत, दुसऱ्या दाराला द्यावेत, तारजोडणीला द्यावेत.

यतीम आणि वृद्ध ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे. अमानतीचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. व्यापारात ज्या पेढीचा हिशेब चोख असतो तिचीच साख टिकते, आणि संस्थांचेही तसेच आहे. येत्या रमजानपूर्वी प्रत्येक बाजाराच्या संघटनेने आपल्या भागातील एक संस्था निवडावी, तीन-चार जाणत्या माणसांना तेथे पाठवावे आणि चोवीस तासांची एक जागा तरी आपल्या खर्चाने भरून द्यावी, अशी आमची व्यापारी बंधूंना कळकळीची विनंती आहे.